पायसम नेण्यासाठी घेतलेली गाडी

चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी एकोणतीस वर्षं सुटे भाग तपासले. भाग केसभर जाड किंवा बारीक निघाला की तो बाजूला टाकायचा, एवढंच माझं काम. निवृत्त झालो आणि बाजूला टाकायला काही उरलं नाही, तेव्हा मी बायकोच्या स्वयंपाकघरात दोष शोधायला लागलो.

हे स्वयंपाकघर म्हणजे आमच्या घरचं नव्हे. बायको आणि तिची थोरली बहीण वेस्ट मांबलममध्ये तळमजल्यावर जागा घेऊन जेवणाच्या ऑर्डरी करतात. मुंजी, बारशी, साठीशांती. बहिणीला सगळे अक्का म्हणतात, मीही. दोघी तंजावरी मराठी, मी कराडचा. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, चला, भाषेचा तरी प्रश्न मिटला. पहिल्याच आठवड्यात अक्का मला म्हणाली, "माप्पिळ्ळै, तो मोठा अंडा उचलून आणा." माप्पिळ्ळै म्हणजे घरचा जावई, हे मला माहीत होतं. पण कांदासुद्धा न शिवणाऱ्या घरात अंडं, आणि तेही मोठं, म्हणून मी हबकलो. शेवटी तिनंच हाताला धरून दाखवलं. अंडा म्हणजे तमिळमध्ये भलंमोठं पातेलं. ते उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्या दिवशी मी एकटा गेलो होतो.

तर या पातेल्यांची वाहतूक हा त्यांच्या धंद्याचा दुखरा भाग होता. दर वेळी भाड्याचा टेम्पो बोलवायचा, पातेली त्यात चढवायची, आणि स्वयंपाकाच्या बायकांनी झारे-पळ्या पिशवीत घालून मांबलम स्टेशनवरून लोकल धरायची. एकदा अंबत्तूरला बारसं होतं. टेम्पो तासभर आधी पोचला. ड्रायव्हरनं पातेली कार्यालयाच्या दारात उन्हात उतरवली आणि तो निघून गेला. इकडे बायका पार्क स्टेशनला उतरून, रस्ता ओलांडून, सेंट्रलहून सुटणारी अंबत्तूरची गाडी पकडायला धावल्या, पण त्यांची एक गाडी चुकली. त्या पोचल्या तेव्हा दहीभाताचं जे झालं होतं, त्याला नुसता भात म्हणता येत नव्हतं आणि दही म्हणवत नव्हतं.

त्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "पुरे जाहलं. सामान आणि माणसं एकत्र जातील अशी एक गाडी पाहिजे आम्हांस."

"मी बघतो," मी म्हणालो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती नजर मी संमती समजलो.

पुढचे तीन महिने मी सुखात होतो. संगणकावर तक्ता केला. वहनक्षमता, चाकांमधलं अंतर, इंजिनाची ताकद, वळायला लागणारी जागा, जमिनीपासूनची उंची, असे एकवीस रकाने. मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात टेप घेऊन बाहेर पडायचो. अंबत्तूरपासून पल्लावरमपर्यंत एकही शोरूम मी सोडली नाही. विक्रेते विचारायचे, "सार, गाडीत काय नेणार?" मी त्यांना इंजिनाच्या टॉर्कबद्दल उलट प्रश्न विचारायचो. पायसम, म्हणजे खीर नेणार, हे सांगायला मला लाज वाटत होती.

आणि मग जुन्या गाड्यांच्या एका आवारात मला ती दिसली. गडद हिरवी, दोन ओळींची केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर, टायर माझ्या कमरेपर्यंत. आधीच्या मालकानं ती डोंगरात फिरायला वापरलेली होती आणि तिच्या कपाळावर चार दिवे बसवलेले होते. मी आत बसलो. समोरून जाणाऱ्या मोटारींची टपं खाली दिसली. एकोणतीस वर्षं मी भिंगातून खाली बघत आलो होतो, पण तसं बघणं वेगळं.

घरी येऊन मी तक्ता उघडला आणि एक रकाना वाढवला: पुराच्या पाण्यातून जाण्याची क्षमता. त्याला भरपूर गुण दिले. हिरवी गाडी पाचव्या नंबरवरून पहिल्यावर आली.

"चेन्नईत पाणी कधी तुंबेल सांगता येतं का?" मी बायकोला म्हणालो. "कमरेइतक्या पाण्यातूनसुद्धा जेवण पोचवता येईल."

"कमरेइतकं पाणी असेल तर जेवायला कोण बसेल?" तिनं विचारलं.

या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मी तो बाजूला टाकला.

गाडी दारात आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली, नारळ फोडला, कपाळावर चंदनाचे तीन पट्टे ओढले. गल्लीतले लोक गोळा झाले. एकानं विचारलं, ही मिलिटरीची का? मी नाही म्हणालो, पण लगेच नाही म्हणालो नाही. त्या वेळी मी काळा चष्मा लावला होता, हे इथं कबूल केलेलं बरं, कारण बायकोकडे फोटो आहे.

पहिली ऑर्डर योगायोगानं अंबत्तूरचीच निघाली. साठीशांत होती. पंगत दुपारची, म्हणून आम्ही सकाळी आठलाच गाडी दाराशी लावली. स्वयंपाक करणाऱ्या मुख्य बाई, ज्यांना आम्ही मामी म्हणतो, सांबाराचं पातेलं दुसऱ्या बाईंबरोबर उचलून गाडीपाशी आल्या आणि थांबल्या. हौद्याचा काठ त्यांच्या छातीशी येत होता. मामींची उंची पाच फुटांच्या आतली. मी मागची फळी खाली पाडली. आता फळीच दीड हात बाहेर आली आणि हौदा आणखी लांब गेला. पातेलं फळीवर टेकलं, पण ते आत ढकलायला हात पुरेना.

"थांबा, मी वर चढतो," असं म्हणून मी हौद्यात चढलो आणि वाकून पातेलं ओढलं. कमरेत कट्‌ असा आवाज झाला. बायको म्हणते तो तिनंही ऐकला.

कशीबशी सगळी पातेली चढली. मग माणसं. केबिनची पायरी इतकी उंच की साडी नेसलेल्या बाईला तिथं पाय टाकणं अशक्य. मी आतून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. स्टुलावरून एकेक जण चढली. अक्का चढताना तमिळमध्ये देवाचं नाव घेत होती, की माझं, हे नीट कळलं नाही. बायको, अक्का, मामी आणि दोन बायका. पाच सीट, पाच बायका. मोजमाप बरोबर आलं म्हणून मी खूश होऊन ड्रायव्हरच्या दाराशी गेलो. तिथं बायको बसलेली.

"तू इथं का?"

"मग कुठं बसू?"

मी आत डोकावून पाहिलं. एकवीस रकान्यांच्या तक्त्यात, बावीस म्हणा, मी सीटा मोजल्या होत्या, माणसं मोजली होती, आणि त्या माणसांत मला स्वतःला धरलं नव्हतं. तपासनीस यंत्राचा भाग नसतो, त्याचीच सवय असावी.

"अक्का, तुम्ही लोकलनं..." मी सुरुवात केली.

"माप्पिळ्ळै," अक्का वरून म्हणाली, "स्टुलावर चढून मी आत आले. आता उतरणार नाही."

बायकोनं हात पुढं केला. "किल्ली द्या. तुम्ही लोकलनं या."

"ही साधी गाडी नाही. तुला झेपायची नाही."

"कमरेत तुमच्या लचक भरली आहे," ती शांतपणे म्हणाली. "क्लच तुम्हांस झेपेल काय?"

मी किल्ली दिली. तिनं ती गाडी गल्लीतून एका दमात उलटी काढली आणि कोपऱ्यावर गेल्यावर चुकून कपाळावरचे चारही दिवे लावले. मी कमरेला हात लावून स्टेशनकडे निघालो. उतरताना लागेल म्हणून स्टूल गाडीत द्यायला हवं होतं, ते माझ्या हातातच राहिलं होतं. मांबलम ते पार्क मी त्याच स्टुलावर बसून गेलो. डब्यातल्या एका बाईनं मला विचारलं, स्टूल केवढ्याला देणार?

अंबत्तूरला पोचलो तर कार्यालयाच्या मागच्या बाजूला पाचही जणी हौद्याभोवती उभ्या होत्या. मी जवळ गेलो. पायसम हौद्याच्या तळाच्या पन्हळींतून वाहत होतं. काजू एका कोपऱ्यात गोळा झाले होते.

इथं मला एक कबुली द्यावी लागते. अशा गाडीच्या मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा एक टन ओझ्यासाठी बनवलेल्या असतात. ओझं कमी असलं की गाडी दर खड्ड्यात उडी मारते. हे कुठल्याही फिटरला माहीत असतं. मलाही माहीत होतं. शिवाय ते माझ्या तक्त्यात चौथ्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्या पातेल्यांचं एकूण ओझं टनाच्या पावभागही नव्हतं.

मामींनी पदर खोचला, साबुदाणा आणि दूध कुठं मिळेल ते विचारलं आणि पाऊण तासात दुसरं पायसम चुलीवरून उतरवलं. साठीचे नवरदेव दोनदा मागून प्यायले. मी त्या वेळात हौदा धुतला. मुंग्या त्याआधीच आल्या होत्या.

तरीही मी दोन महिने ती गाडी लढवली. हौद्यात वाळूची पोती ठेवली, म्हणजे उडी कमी होईल. उडी कमी झाली, पण मग पातेल्यांना जागा उरेना. लाकडाचा उतार बनवून घेतला. त्यावरून रसमचं पातेलं वर जाताना एकदा परत खाली आलं. नवा उपाय सुचला की मी तक्त्यात रकाना वाढवायचो. शेवटी एका सकाळी मामी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या माझ्याशी तमिळमध्येच बोलतात आणि फार कमी बोलतात.

"सार, गाड्या विकतात ते ठिकाण मला दाखवा," त्या म्हणाल्या. काखेत रिकामं पातेलं होतं.

मी त्यांना त्याच आवारात घेऊन गेलो. बायकोही आली. विक्रेत्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली. मामींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या रांगेतल्या पहिल्या गाडीपाशी गेल्या, पातेलं कमरेवर घेतलं आणि हौद्यात ठेवून पाहिलं. मान हलवली. दुसरी गाडी. तिसरी. पाचवी की सहावी गाडी मळकट पांढरी होती, बहुधा वीजकामाच्या ठेकेदाराची. दोन ओळींची केबिन, पुढं सलग बाकडं, एकूण सहा जणांची सोय. मागे बुटका सपाट हौदा, ज्याच्या तीनही बाजूंच्या फळ्या खाली पडतात. मामींनी पातेलं कमरेवरून सरळ आत सरकवलं. मग स्वतः केबिनमध्ये चढल्या, उतरल्या, परत चढल्या.

"इदु पोदुम," त्या म्हणाल्या. हे पुरे.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. मी टेप खिशातून बाहेरही काढली नव्हती. तीच गाडी माझ्या तक्त्यात होती, चौदाव्या नंबरवर. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: दिसायला सामान्य.

हिरवी गाडी त्याच विक्रेत्याला परत दिली. कागदांवर सह्या करताना माझा चेहरा उतरला असणार, कारण बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका."

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना, ती गाडी आपल्या कामाची नाही ते?"

"फोटो दाखवलात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"गिंडीचं काम सुटल्यापासून तुम्ही सकाळी उठून खुर्चीत बसून राहात होता. गाड्या पाहायला जाऊ लागला तेव्हा दाढी करताना शीळ घालू लागला. अक्का म्हणाली, राहू दे, आणखी थोडे दिवस फिरू दे त्यांस. आम्हांस काय ठाऊक, तुम्ही खरंच घेऊन याल!"

मला हसू आलं आणि कमरेत कळही आली. तीन महिने दोघींनी मला स्वतःला कामाचा माणूस समजू दिलं होतं, आणि मी त्यांना गाडीतलं काही कळत नाही असं धरून चाललो होतो.

आता वर्ष झालं. पांढरी गाडी बायको चालवते. मला एक काम नेमून दिलेलं आहे: झाकणं रबरी पट्ट्यांनी आवळून बांधणं आणि प्रत्येक पातेलं हलवून पाहणं. या कामात मी चांगला आहे, असं मामींनी अक्काला सांगितलं आणि अक्कानं बायकोला. मला थेट कुणी सांगितलेलं नाही. बसायची जागाही ठरलेली आहे. पुढच्या बाकड्यावर मधोमध, गियरच्या दांड्याला खेटून. डाव्या बाजूला मामी असतात. त्या गिंडीचा पूल यायच्या आत झोपतात आणि त्यांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर येतं. मी हलत नाही. काल पोरूरला जाताना सिग्नल सुटला, बायकोनं दांडा मागे ओढला आणि तो माझ्या गुडघ्यावर आदळला.

"पाय आवरा," ती म्हणाली, "दुसरा गियर पडत नाही."