न खपलेल्या ताग्याचे परकर

आमच्या घरी दिवाळीला नवे कपडे शिवले जात, पण दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या कापडाचे. धुळ्यात आमचं कापडाचं दुकान होतं. ज्या ताग्याला गिऱ्हाईक हात लावायला तयार नसे, तो आजोबा, म्हणजे आमचे आबा, घरी पाठवत. मग आम्ही पाच बहिणी, सख्ख्या-चुलत, एकाच कापडाचे परकर घालून गावभर मिरवत असू. मी नववीत होते तेव्हा कथ्थई चौकडा निघाला. शाळेत एक मैत्रीण म्हणाली, "बरं झालं गं, आता माझी आई तुमच्या दुकानातून हे कापड घेणार नाही." मला अस्सा राग आला!

बाबांच्या गप्प बसण्याचाही राग होताच. सुरतेहून माल आबाच आणायचे. बाबा चाळिशीला आलेले, तरी आबांसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. बाया फुलाफुलांचं वॉयल मागतात आणि हात हलवत परत जातात, हे ते रोज आईला सांगायचे. आबांना एकदाही नाही.

मी त्याच परकरात तरातरा दुकानात गेले. "आबा, आम्ही पाच जणी तुमच्या न खपलेल्या मालाची फुकट जाहिरात करतोय. फुलांचं कापड आणा, असं बाबा कधीचं म्हणताहेत."

बाबांच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं. आबांचा आवाज चढला, "हाई तुना बापनी माले काब नही सांगं?"

"तुम्ही त्यांना विचारलं कधी?"

आबांची नजर माझ्या परकराकडे गेली आणि ते एकदम पोट धरून हसायला लागले. आम्ही पाची जणी एका रांगेत कशा दिसत असू, ते त्यांना बहुधा तेव्हाच दिसलं.

पुढच्या आठवड्यात आबांनी पाठवलं म्हणून बाबा नरडाण्याहून सुरतेची गाडी पकडायला निघाले. एकटेच. जाताना आम्हाला रंग विचारले, आणि आमची भांडणं ऐकून काही न ठरवताच गेले. लग्नसराई तोंडावर होती. हा माल पडून राहिला असता, तर बाबांना पुन्हा कुणी काही विचारलं नसतं.

फुलाफुलांचं वॉयल आलं. दोन दिवस कुणी फिरकलं नाही, आणि बाबांना जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी खेड्यातली एक अक्का लेकीसुनांना घेऊन आली. त्यांनी दोन तागे तिथल्या तिथे संपवले. निघताना अक्कांनी सवयीने आबांनाच विचारलं, "हाऊ माल आखो येई का?"

आबांनी बाबांकडे बोट केलं. "माले काय इचारतस? मालक तो शे."

बाबा सर्वांत धाकट्या सुनेसाठी वॉयल मोजत होते. किती वार झाले ते विसरले, आणि मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.