पाणी ओसरताना

बनारसच्या दुर्गाघाटावरच्या आमच्या घराची खालची खोली आता नाही. जिथे माझा फळा होता तिथे दगडमातीचा ढीग आहे आणि त्यावर पत्रे टाकलेत. त्या खोलीत मी सहा वर्षं स्पर्धा परीक्षांचा भूगोल शिकवला. रेल्वे, पोलीस, लोकसेवा, येईल ती परीक्षा. गल्लीच्या खाली, नदीच्या उतारात खोदून बसवलेली खोली. समोर दार, दारातून थेट घाटाच्या पायऱ्या, आणि मागची भिंत सरळ टेकाडाच्या मातीला टेकलेली. त्या भिंतीमागे काय आहे याचा विचार आमच्या घरात कुणी कधी केला नाही. मी भूगोलाची बाई, मी तरी करायला हवा होता.

माझी शिकवण्याची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मागच्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्या उशाशी असायचा. त्यात जे विचारलेलं नाही ते मी शिकवत नसे. मुलांना भूगोल नको असतो हो, गुण हवे असतात. म्हणून प्रत्येक धडा चिरून चिरून एका ओळीवर आणायचा. नदी वळते तेव्हा बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला वाळू टाकते. झालं, पुढचं. फळ्यावर मी गंगेचंच वळण काढायचे. इकडे आपले घाट, पलीकडे रामनगरच्या बाजूची वाळू. "आपण खाल्ल्या जाणाऱ्या काठावर बसलोय," म्हटलं की वर्ग हसायचा. मग सांगायचं की खाली कंकराची, म्हणजे चुनखडीच्या खड्यांची, कडक माती आहे म्हणून शहर टिकलंय. तेही परीक्षेत येतं.

वर्गात रामनगरहून एक बाई यायची. मुलगी नाही, बाईच. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न झालेली, नोकरी मिळवायला सासरच्यांनी दिलेली मुदत संपत आलेली. तिला प्रत्येक गोष्टीत 'का' लागायचं. त्या 'का'ने माझं डोकं उठायचं. एकदा तिने विचारलं, काठ पुरात पडतो की पूर गेल्यावर? मी सांगून टाकलं. पूर चढतो तेव्हा काठाची माती पाणी पिते, पण बाहेरून नदीचाच टेकू असतो. नदी भराभर उतरली की टेकू जातो, माती मात्र आत भिजून जड झालेली असते. म्हणून काठ पाणी ओसरताना ढासळतो, आणि भिंत असेल तर भिंतीसकट. ती भराभर लिहून घेत होती. बाकीचे पेन हातात धरून थांबलेले. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, ये आता है क्या?" मी गठ्ठा चाळला. एकदाही नाही. "नहीं आता. काटो." सगळ्यांनी ती ओळ खोडली. तिनेही पट्टी लावून खोडली.

त्याच भाद्रपदात पाणी चढलं. आधी खालचे घाट गेले, मग पायऱ्या गेल्या, मग एका दुपारी आमच्या खालच्या खोलीचा उंबरा बुडाला. आईने वरच्या जिन्यावर बसून गंगेची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. लग्न होऊन बनारसला आली तेव्हापासून एकही दिवस तिचं गंगास्नान चुकलं नव्हतं. कमरेत वाकली होती, पण त्या पायऱ्या ती माझ्यापेक्षा भरभर उतरायची. नदी घरात आली म्हणजे तिच्या लेखी माहेरवाशीण आली. माझा मात्र जीव टांगणीला. परीक्षा तोंडावर, वर्ग बंद, आणि खोलीत छातीभर पाणी. मी वरच्या खिडकीतून बघायचे. तपकिरी पाणी आमच्या दारातून आत शिरून गोल फिरायचं आणि हळू बाहेर पडायचं. पाच दिवस तसंच. सहाव्या दिवशी शेजारच्या काकू ओरडत आल्या, अगं उतरलं, उतरलं! दीड दिवसात नदी इतकी खाली गेली की खोलीची जमीन दिसायला लागली. सगळ्या गल्लीला हायसं वाटलं. मलाही वाटलं. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

आता आमच्याकडची रीत. पुराचा गाळ ओला असतानाच काढायचा. दोन दिवस ऊन लागलं की तो असा बसतो की फावडं उडून येतं. म्हणून पाणी पायरी सोडतं न सोडतं तोच बायका खराटे घेऊन उतरतात आणि गाळ लोटत लोटत नदीच्या मागे मागे जातात. "ती निघालीय तोवर तिच्याबरोबर पाठवून द्यायचं," आई म्हणायची. म्हणजे काठ सगळ्यात भिजलेला, नदी सगळ्यात घाईने उतरलेली, आणि त्याच वेळी घराघरातली माणसं सगळ्यात खालच्या खोलीत. इतकी वर्षं हे चाललंय. आणि मी, ज्या बाईला ती ओळ तोंडपाठ होती, तीच आईच्या मागे लागले होते. "आई, सोमवारपर्यंत खोली पाहिजे मला. परीक्षेला बारा दिवस राहिलेत. आजच आवर." आईने पदर खोचला. तिला काय, तिला काम म्हणजे जीव की प्राण.

रामनगरची बाई वर्ग कधी सुरू होतो ते विचारायला म्हणून पुलावरून आली आणि आईला एकटीला गाळ ओढताना पाहून तीही बादली घेऊन उतरली. मी वरून नोट्सचा गठ्ठा घेऊन झेरॉक्सला निघाले होते. खाली डोकावले तेव्हा दहा वाजले असतील, लख्ख ऊन होतं. ती मागच्या भिंतीकडे बघत उभी होती.

"मॅडम, पानी तो उतर गया. फिर दीवार से पानी कहाँ से आ रहा है?"

मी आत गेले. भिंतीच्या तळाशी, दोन दगडांच्या सांध्यातून बोटभर धार येत होती. धार गढूळ होती. नुसती ओल, इकडची सीलन, असती तर पाणी निवळ असतं. गढूळ आहे म्हणजे मागची माती निघून येतेय. मी वर पाहिलं. भिंतीला मध्यावर पोट आलं होतं. माझा फळा खिळ्यावरून सरकून वरच्या कडेने पुढे झुकला होता. आई त्याच्या खालीच वाकून खराटा मारत होती. तिची पाठ भिंतीकडे होती.

मला कळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अगदी स्वच्छ कळलं. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं की आता खोली बंद करावी लागेल, बारा दिवस आणि पुढचं सगळं वर्ष गेलं, आणि माझं काय होणार? एक तास, फक्त एक तास निघाला की गाळ संपतो, मग बघू काय ते. अशी मी. "सीलन है," मी तिला म्हणाले, "पुराने घर में होता है." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने खोडलेली ओळ तिला आठवत होती की नाही मला माहीत नाही. "लवकर आवर गं आई," म्हणून मी जिना चढले.

गल्लीतल्याच झेरॉक्सवाल्याकडे अकरावं पान निघत होतं. आवाज फार मोठा नव्हता. वरच्या मजल्यावरून धान्याचं पोतं टाकावं एवढाच. मागोमाग त्या बाईची किंकाळी आली आणि मी पानं तिथेच टाकून धावले. ती बादली ओतायला दारापर्यंत आली होती म्हणून वाचली. मी पोचले तेव्हा ती नखांनी माती उपसत होती, आणि मातीच्या आतून आई अगदी साध्या आवाजात म्हणत होती, "अगं, पाय निघत नाहीयेत माझे."

एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दुसरा आहे, पण नावाला. आई आता वरच्या मजल्यावर खिडकीशी खाटेवर असते. तिथून नदी दिसते, एवढंच. गंगेचं पाणी मी रोज लोट्यातून आणून तिच्या डोक्यावर घालते. ती डोळे मिटून घेते आणि तक्रार करत नाही. करावी, असं मला फार वाटतं. एकदा तरी माझ्यावर खेकसावं.

दिवाळीनंतर रामनगरची बाई भेटायला आली. त्या दिवशीपासून ती वर्गात आली नव्हती. परीक्षाही तिने दिली नाही म्हणे. शेजारच्या काकू आधीच येऊन बसल्या होत्या. ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली, आईच्या उरलेल्या पावलावर हात ठेवून. काकूंनी नेहमीचं सुरू केलं, भिंत अशी पडेल हे कुणाला ठाऊक होतं बाई. आई हसली. मराठीत, काकूंना म्हणाली, "कुणालाच नव्हतं. एवढा भूगोल शिकवते माझी पोर. तिला जरा जरी शंका आली असती, तर तिने मला खाली राहू दिलं असतं का?"

काकू मान हलवत राहिल्या. रामनगरच्या बाईला मराठी येत नाही. तिने आईच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, माँजी क्या कह रही हैं?"

"पूछ रही हैं," मी म्हणाले, "आप चाय लेंगी क्या."