डॉमिनिकाच्या डोहात

कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाला जहाज लागलं तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि सगळा डोंगर वाफाळत होता. हिरव्याशिवाय दुसरा रंगच दिसत नव्हता. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला, आम्ही राहतो तिथेही, हिरवं पुष्कळ आहे, पण ते आखून, कापून ठेवलेलं. हे हिरवं कुणाला विचारून वाढलेलं नव्हतं.

सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांच्या साठीनिमित्त नवऱ्याने ही क्रूझ ठरवली होती. धबधब्याकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"अगं, नीरफणस! आणि ते बघ, अळू. रस्त्याच्या कडेला, एवढालं!"

मला त्यातलं काहीच ओळखता येईना. मी नुसती मान हलवली.

"हिला इंग्लिशमध्ये सांग रे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कॉन्व्हेंटच्या बागेत अळू नसणार."

सगळे हसले, मीही हसले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एव्हाना मला ते जमायला लागलं होतं.

धबधब्याखाली काळसर हिरवा डोह होता. मधे खोल आहे, पोहता येणाऱ्यांनीच पलीकडे जावं, असं गाइडने सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "माय वाइफ कान्ट स्विम. पाण्याला घाबरते ती." त्यालाही पोहता येत नाही, ते त्याने सांगितलं नाही. पँट दुमडून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

मला पोहता येत होतं. आठ महिने दर मंगळवारी सकाळी मी गावातल्या पोहण्याच्या तलावावर शिकायला जात होते. घरी सांगितलं होतं, डच क्लास. शेजारच्या पट्ट्यात पाच वर्षांची पोरं सपासप जायची आणि मी तरंगायचा बोर्ड छातीशी धरून त्यांच्या मागे. सांगितलं असतं तर नवरा रागावला नसता. उलट कौतुक केलं असतं, व्हिडिओ काढून पुण्याला पाठवले असते. तेच मला नको होतं. माझा व्हिसा, माझा विमा, घरावरचं नाव, सगळं त्याच्या नोकरीला टांगलेलं. मंगळवारचा एक तास तेवढा माझा होता. पाण्यात उतरले तर तो तास जाणार होता. नाही उतरले तर या डोहाच्या काठावर बसून परत जायचं होतं.

अंगात कुर्ता आणि लेगिंग होती. त्याची मला काळजी नव्हती. नेदरलँड्समध्ये कपड्यांसकटही पोहायला शिकवतात, कारण कालव्यात पडणारा माणूस स्विमिंग कॉस्च्यूम घालून पडत नाही. मी चपला काढल्या आणि उतरले.

पाणी इतकं थंड की श्वास अडकला. मग हात आपोआप चालायला लागले. कुर्ता फुगून मागे ओढत होता. धबधब्याच्या आवाजात मागचं काहीच ऐकू येत नव्हतं. खडकाला हात लावून मी वळले तेव्हा सासूबाई काठावर उभ्या राहून ओरडत होत्या. जवळ आल्यावर शब्द कळले.

"अगं, केस भिजले की सगळे! सर्दी होईल!"

नवऱ्याने टॉवेल पुढे केला. "कधी शिकलीस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तर डच..." तो थांबला. त्याचा चेहरा राग आलेल्या माणसाचा नव्हता, आणि म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"आता चौकशी पुरे," सासूबाई म्हणाल्या. "अंग पुसू दे तिला." माझे केस पिळता पिळता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या विहिरीत माझे भाऊ पोहायचे. मी वर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे." परतताना त्यांनी अळू दाखवलं नाही.

घरी आल्यानंतरच्या सोमवारी नवरा भांडी मशिनमध्ये लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या मीपण येऊ? मलाही शिकायचंय."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तो इतक्या साधेपणाने विचारत होता.

"मोठ्यांचा वर्ग शनिवारीही असतो," मी म्हणाले. "तू शनिवारी जा."

हातातली ताटली त्याने मशिनमध्ये ठेवली.

"किती वाजता?" त्याने विचारलं.