गोरखची हाक

गुंजवण्यात शेफालीबाईंनी कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान केलं आणि हिर्डोशीच्या गोरखला तिथं कामाला ठेवलं. शर्यत चार कुत्र्यांच्या चमूची. एकानं चार आडव्या फळ्यांवरून उड्या मारत जायचं, पेटीवर पाय मारायचे, उसळलेला चेंडू तोंडात धरून परत यायचं. मग दुसऱ्यानं सुटायचं.

जोखीम सगळी पेटीपाशी. कुत्रं समोरून थडकलं तर खांदा जातो. अंग तिरकं टाकून चारही पायांवर वळावं लागतं. गोरख फळ्या काढून नुसतं हे वळण घोटून घ्यायचा. आधी अंग गरम, मग चाल, मग धाव. कुत्रं दमायच्या आत काम बंद. त्याच्या हाताखाली एकही कुत्रं लंगडलं नाही.

एक चूक मात्र झाली. परत बोलावताना तो गावातल्यासारखं 'यू यू' करायचा, हातात भाकरीचा तुकडा. कोको नावाची कुत्री फक्त त्याच्याच आवाजाला वळायला शिकली.

तो भातलावणीला घरी निघाला, तेव्हा बाईंनी स्वतः हाक मारून पाहिली. कोकोनं पेटीवरूनच मान फिरवून गोरखला शोधलं. अंग सरळ पडलं, खांदा कडेला घासला. बाईंनी 'यू यू' केलं, तरी तेच.

"मॅडम, रविवारच्या शर्यतीत हिला पळवू नका."

"चमूत चारच आहेत, गोरखभाऊ. तुम्ही नसलात तर मी पळवीन."

त्यानं बायकोला, बाळाबाईला, फोन लावून रविवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं.

"येत न्हाई म्हना की सरळ."

"कुत्री मोडंल गं."

"आन् मी एकली चिखलात वाकते, ती मोडत न्हाई व्हय?"

"तसं न्हाई."

"मग मलाबी यू यू करा. बघू येते का."



रविवारी कोको त्याच्या हाकेवर नीट वळली. चमू जिंकला. बाई लगेच पुढच्या सामन्यांचं बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी, कोकोला बाईंच्या हाकेची सवय लागावी म्हणून, गोरखनं बाईंच्या हातात भाकरी दिली आणि स्वतः पत्र्याच्या शेडमागं, तोंड मिटून, जाऊन बसला. फळ्या नाहीत, पेटी नाही, नुसती हाक. बाईंनी हाक मारली. कोको सुटली, बाईंच्या हातातल्या भाकरीपुढून गेली, शेडला वळसा घातला आणि त्याच्या पायाशी येऊन बसली.

गोरखनं तिला हात लावला नाही. "पुन्हा," तो म्हणाला.

तिकडं हिर्डोशीत लावणी उरकत आली होती.