वडिलांच्या वेळेसारखा पियानो

पियानो सुरात लावणारा केसभर आजही त्या गल्लीतून जात नाही, लांबचा वळसा घेतो. लाज वाटते त्याला. सूर केसभर उतरला तरी ह्याला घास गिळवत नाही, म्हणून हे नाव पडलं. बायको तर विचारायची, "मीठ घालू, की आधी तुमचं सूर मापायचं यंत्र लावून बघताय?"

त्या गल्लीतल्या एका घरी धाकट्या बाईंनी त्याला बोलावलं होतं. त्यांची थोरली बहीण संध्याकाळी लेकाकडे परमुलखात निघाली होती, कायमची. वय झालेलं, पुन्हा भेट होईल ह्याचा भरवसा कुणी द्यावा? वडील रोज वाजवायचे ती धून बाईंना तिला जायच्या आधी ऐकवायची होती, आणि तीही वडिलांच्या वेळेसारख्या लावलेल्या पियानोवर. हल्ली सगळे स्वर समान अंतरावर लावतात. जुन्या तऱ्हेत ती अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवतात, त्यामुळे काही मेळ गोड लागतात, काही जरा खरखरीत. केसभरला काय, आयतंच कुरण मिळालं.

दुपार कलायच्या आत पियानो असा लागला की थोरली म्हणाली, "अगं बाई! बाबाच बसलेत जणू."

झालं होतं की हो काम! उठायचं ना मग! पण एका काळ्या पट्टीचा सूर यंत्रावर किंचित हलत होता. तार ताणली की चढे, सोडली की उतरे.

"चालेल हो तेवढं," बाई म्हणाल्या.

"चालेल कसं? पाचच मिनिटं."

अशी पाच मिनिटं किती झाली देव जाणे. थोरली बॅगा दाराशी ठेवून येऊन बसली. बाई दोनदा त्याच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. ह्या पठ्ठ्यानं मान वर केली नाही. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. "राहू दे गं, फोनवर ऐकव," म्हणत थोरलीनं बहिणीला मिठी मारली आणि ती जिना उतरली.

"झालं!" केसभर खुशीत वळला. बाई खिडकीशी एकट्याच उभ्या होत्या.

त्यानं दाराकडे पाहिलं, बॅगा नव्हत्या. "बाई, चुकलं माझं."

"बसा. आता तुम्हीच ऐका."

खुर्ची एकच, थोरलीची. अंग चोरून तो टेकला. धून अगदी साधी, पोरांनीही वाजवावी अशी. तो त्या काळ्या पट्टीची वाट बघत राहिला. धून संपली. बाईंचं बोट तिला एकदाही लागलं नाही. कुठली धून वाजवणार, एवढं तरी विचारायचं होतं रे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"छान लागलाय," बाई डोळे टिपत म्हणाल्या. "किती मेहनत घेतलीत. ताईला सांगते हं."

"नका सांगू हो," तो कसाबसा म्हणाला. हत्यारं पिशवीत भरताना त्याला त्यांच्याकडे बघवेना.