अल्पशा आजाराने

जिल्हा पुरवणीतल्या निधनवार्ता मी सात वर्षे लिहिल्या. वाक्य ठरलेले असते. वय, राहण्याचे ठिकाण, ‘अल्पशा आजाराने निधन झाले’, पश्चात कोण. आजार खरोखर किती काळाचा होता हे आम्ही विचारत नसू. बातमी चार ओळींत बसत असे.

डोंबिवलीत आमच्या शेजारचे गृहस्थ गेले, तेव्हा त्या चार ओळीही मीच लिहिल्या. ते एमआयडीसीत, रंगांची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात होते. माल युरोपात जाई. तिथे तो बनवणे केव्हाच बंद झाले होते, वापरणे नाही. परदेशी ग्राहकांची माणसे पाहणीला येत त्या दिवशी मास्क आणि हातमोजे वाटले जात, संध्याकाळी परत घेतले जात. सरकारी तपासणीची वर्दी आदल्या दिवशी येई. हे सगळे त्यांनीच मला सांगितले होते. कारखान्याची बाजू मिळाल्याशिवाय आमच्याकडे असे काही छापत नसत, आणि ती मिळवण्यासाठी मी फोन केला तो एकदाच.

त्यांच्या उशांचे अभ्रे वाळत घातलेले लांबून ओळखू येत. घामातून रंग उतरे. “आमच्याकडे बारा महिने रंगपंचमी,” ते म्हणत. एकदा जिन्यात थांबून म्हणाले, “काय पत्रकार, आज तर लघवीपण लाल झाली. बॅच बदलली वाटतं.”

“मग उद्या हिरवी होते का बघा,” मी म्हणालो. दोघेही हसलो.

लाल हा त्यांच्या खात्यात कामाचा रंग होता, रक्ताचा म्हणून तो कोणी पाहत नसे. वर्षभराने मूत्राशयाचा कर्करोग निघाला. साठी त्यांनी पाहिली नाही.

त्यांची बातमी गेली त्याच पानावर वृत्तसंस्थेची एक बातमी होती. विकसनशील देशांत व्यापार वाढला, सरासरी आयुर्मानही वाढले, अशी. ‘जगा आता अधिक!’ हा मथळा मी दिला होता. बातमीत चूक नव्हती.

काही महिन्यांनी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ठाण्याच्या सरकारी कार्यालयात अर्ज केला. आजार कामातून झाला अशी नोंद झाली, तर त्या खात्यातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल, असे त्यांना कोणी सांगितले होते. वहिनींचा धाकटा भाऊ त्याच खात्यात होता. नोकरी जाईल या भीतीने तो आपणहून डॉक्टरकडे जात नव्हता.

पहिल्या सुनावणीहून त्या सरळ आमच्या दारात आल्या. हातात कात्रण होते. आजार अल्पसाच होता याचा पुरावा म्हणून कारखान्याच्या वकिलाने ते जोडले होते.

“भावजी, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“दीड वर्ष केमो घेत होता हा माणूस. कितीदा तुमच्याच घरून डबा आला. आणि अल्पशा?”

“वहिनी, सगळ्यांचं तसंच लिहितात.”

“सगळ्यांचं? मग बरंय की. आजारी कुणी पडतच नाही तुमच्या पेपरात, नुसतं मरतात.”

दुरुस्ती छापता येईल का, हे मी आमच्या पेपरच्या कार्यालयात विचारले. नाव किंवा वय चुकले तरच खुलासा देतो, असे वरिष्ठ म्हणाले. मी वाद घातला नाही. साक्ष द्यायला मात्र तयार झालो.

पुढच्या सुनावणीला आम्ही तिघे बसने निघालो. शीळफाट्याला बस बराच वेळ अडकली. भाऊ माझ्या पुढच्या सीटवर होता. त्याच्या शर्टाची कॉलर आतून नारंगी झाली होती. ती मी पाहत राहिलो.

“आजाराचं पहिलं लक्षण तुम्हाला केव्हा कळलं?” अधिकाऱ्यांनी विचारले.

जिन्यातली गोष्ट मी वहिनींना कधी सांगितली नव्हती. अर्ज टिकायचा तर तीच लागणार होती. मी सांगितली.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

तेही सांगितले. अधिकाऱ्यांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि बरोबर आहे ना म्हणून मला मोठ्याने वाचून दाखवले. मी हो म्हणालो. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी टेबलाकडे.

“ताई,” मागून भाऊ म्हणाला, “मलापण होतं तसं. गणपतीपासून.”

अधिकाऱ्यांनी नवा कागद घेतला.