पितांबरचा गेलेला तोल

सावद्याच्या पितांबरने तीस वर्षं केळीचे घड खांद्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवले. ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवर त्याचं पाऊल कधी चुकलं नाही. पण गेल्या दिवाळीपासून चालताना तो एका बाजूला जायला लागला. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागे. एका सकाळी तर तो घडासकट फळीवरून घसरला.

मुकादम मगन सगळ्यांदेखत ओरडला, "सकाळीच घेऊन आला का रे?"

पितांबरने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तरी गावभर झालं. त्याची बायको वच्छलाबाई तोंडाने काही बोलली नाही, पण तो घरी आला की उगाच जवळ येऊन वास घ्यायची. हे मात्र त्याला फार लागलं.

शेवटी मुलगी सारिका दोघांना जळगावला हाडांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी त्याला पाय जुळवून उभं केलं.

"आता डोळे मिटा. मी आहे, पडू देणार नाही."

डोळे मिटताच तो झुलायला लागला. मग त्यांनी त्याला एकेका पायावर उभं केलं. उजव्यावर तो राहिला, डाव्यावर लगेच कोलमडला. टाचांवर चालताना डावं पाऊल वर उचललंच जाईना. लघवीला काही त्रास होतो का, हेही विचारलं. नव्हता.

वच्छलाबाईला राहवेना. "बाई, खरं सांगा. हे पितात का हो?"

पितांबरने मान खाली घातली.

"दारूने एकच पाऊल लुळं पडत नाही, ताई," बाई म्हणाल्या. "मला वाटतं, कंबरेत नस दबली आहे. त्या पायाला जमिनीचा अंदाज येत नाही. डोळे उघडे असले की नजर सांभाळून घेते."

एमआरआयमध्ये तेच निघालं. मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशनची घाई नव्हती. आधी व्यायाम, आणि ओझं बंद.

दवाखान्याच्या पायरीवर बसून वच्छलाबाई रडली. "मी तुमचा वास घेत राहिले."

"एकदा तोंडाने विचारलं असतंस तर बरं झालं असतं," पितांबर म्हणाला. पण त्याचा आवाज कित्येक दिवसांनी मोकळा होता.

पुढच्या आठवड्यात मगन स्वतः घरी आला. "चुकलं माझं, भो. ट्रकमध्ये घडांखाली केळीची पानं अंथरायचं काम कर, खांद्याला काही नको." आता तीन महिने झाले. पाऊल अजून थोडं जड आहे, पण बसस्टँडपर्यंत पितांबर एकटा, कुणाचा हात न धरता जातो.